पेंचच्या जंगलात साग पडला आणि ऐकायला कोणीच नसेल, तर आवाज होतो का?

सागवान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

प्रश्न शीर्षकातच आहे. तो बिशप बर्कलेच्या नावावर सांगितला जातो. १७१० साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात 'असणं म्हणजे जाणलं जाणं' ही भूमिका आहे आणि कोणी पाहत नसताना बागेतली झाडं असतात का, याची चर्चाही आहे. झाड पडण्याच्या आवाजाचा प्रश्न मात्र या शब्दांत त्याने विचारलेला नाही, तो नंतरच्यांनी घडवला. मी झाड पेंचमध्ये आणलं, कारण मृगाआधीच्या वादळात सिल्लारीच्या बाजूला साग, ऐन आडवे होतात तेव्हा तिथे सहसा माणूस नसतो.

माझं उत्तर: आवाज होतो, पूर्ण होतो. दोन टनांचा साग धरा. त्याचा गुरुत्वमध्य आठ मीटरवरून खाली आला तर सुमारे दीड लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. बरीचशी माती दाबण्यात, फांद्या मोडण्यात, उष्णतेत जाते. थोडा भाग हवेला ढकलतो आणि दाबाची लाट चहूबाजूंनी निघते. पुढे कान आहे की नाही, हे त्या लाटेला कळण्याचा काही मार्ग नाही. ऐकणारा नाही म्हणून आवाज नाही, असं म्हणणाऱ्याने मला सांगावं की तो नसल्यामुळे या साखळीतली नेमकी कुठली पायरी गळते?

गोरेवाडा_पहाट

काहून म्हणता भाऊ, ऐकायला कोणी नाही म्हणून? रात्रीचं पेंच रिकामं कधी असतं? साग पडला की वानरं उठतात, चितळं कान टवकारतात. सापाला बाहेरून कान दिसत नाही, पण जमिनीचा हादरा जबड्याच्या हाडातून त्याच्या अंतर्कर्णात जातो. वाळवीचे सैनिक स्वतः डोकं आपटून आपल्या वारुळाला धोक्याचा हादरा देतात, त्यांना पडलेल्या झाडाचा हादरा कळणार नाही होय? माणूस नाही म्हणजे कोणी नाही, हे आधी काढून टाका.

सागवान

मान्य. ही भर मोलाची आहे. तरी प्रश्न सोडवायचा तर 'एकही जीव नाही' हेच धरावं लागेल, नाहीतर आपण उत्तर पुढे ढकलतो एवढंच.

तुमच्या मुद्द्यातून एक गोष्ट मात्र पक्की होते. लाकूड तडकताना २०,००० हर्ट्झच्या वरचे आवाजही निघतात. ते वटवाघळाला ऐकू येतात, शेजारी उभ्या माणसाला नाहीत. म्हणून माणसाचा कान ही कसोटी तर चालणारच नाही.

श्रवणा

मी रोज लोकांचे कान तपासते आणि माझं उत्तर 'नाही' आहे. कारणं देते.

हवेतली लाट पडद्यावर आदळते, तीन छोटी हाडं ती आत ढकलतात, कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या द्रवात लाट उठते. प्रत्येक कानात आतल्या रांगेच्या साधारण साडेतीन हजार केसपेशी असतात, त्या वाकतात आणि मज्जातंतूत विद्युत संदेश सुरू होतात. इथून पुढे लाट संपली. मेंदूत हवा हलत नाही. ज्याला आपण आवाज म्हणून ओळखतो, त्याचा उंचसखलपणा, त्याची जवळीक, तो कोणाचा हे कळणं, सगळं या पलीकडच्या बाजूला घडतं.

दोन पुरावे. जुना लँडलाइन फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १२० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तारेतून तो जातच नव्हता. तरी वडिलांचा भरदार आवाज फोनवर भरदारच ऐकू यायचा. तो सूर तारेत नव्हता, रिसीव्हरसमोरच्या हवेत नव्हता, मग कुठे होता?

दुसरा पुरावा उलट्या बाजूचा आहे. कानात सतत गुंई वाजते म्हणून माझ्याकडे माणसं येतात. काहींची झोप उडालेली असते. बाहेर काही वाजत नसतं, मायक्रोफोनला बहुतेक वेळा काही मिळत नाही, आणि त्यांचं ऐकणं शंभर टक्के खरं असतं. लाट नसताना सूर आहे, सूर नसलेल्या लाटा आहेत. मग दोन्ही एकच कशा?

सागवान

श्रवणाताई, इतकं नेमकं लिहिल्याबद्दल आभार. यावर नीट विचार करून लिहितो.

फोनचं आधी. १२० हर्ट्झचा मूळ सूर कापला तरी त्याचे पट ३६०, ४८०, ६०० उरतात. ते एकत्र आले की मिळून होणारी लाट सेकंदाला १२० वेळाच पुन्हा त्याच आकारात येते. ते आवर्तन हवेत आहे, कागदावर आलेख काढला तर डोळ्यांनी मोजता येतं. मेंदूने सूर निर्माण केला नाही, लाटेत असलेली गोष्ट ओळखली.

आता गुंई. तो माणूस तुमच्याकडे का येतो? बाहेर काही वाजत नसताना ऐकू येतंय म्हणूनच ना? आवाज म्हणजे फक्त जाणीव असती, तर त्याची गुंई हा इतर कुठल्याही आवाजासारखाच आवाज झाला असता, तक्रारीला जागा उरली नसती. तुम्ही ज्याला आजार म्हणता त्याच्या मुळाशीच 'आवाज नसताना ऐकू येणं' आहे. म्हणजे आवाज ऐकण्यापासून वेगळा आहे, हे तुमचं रोजचं कामच धरून चालतं.

श्रवणा

गुंईचा मुद्दा पटला. फोनचा अर्धाच पटला. आवर्तन मोजता येतं, हे खरं. पण सेकंदाला १२० वेळा होणारी गोष्ट *खर्जातली* का वाटावी, याचं काहीही कारण त्या आलेखात नाही.

डेसिबल_धंतोली

माझं काम आवाज मोजण्याचं. गणपती, दिवाळी, लग्नाचे हंगाम, चौकातली रहदारी, सगळीकडे मीटर घेऊन उभा असतो. या धाग्यात दोन्ही बाजूंनी एक गृहीत धरलंय की मीटर म्हणजे कानाशिवायचा साक्षीदार. मीटरच्या आत काय आहे ते आधी पाहू या.

शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. ते २० मायक्रोपास्कल दाबाला मानलेलं शून्य आहे, आणि हा आकडा निवडला कारण १००० हर्ट्झच्या आसपास निरोगी तरुण कानाला एवढं जेमतेम ऐकू येतं. म्हणजे मोजपट्टीचा पहिला खुणेचा दगडच कानाने रोवला.

पुढे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. हे आकडे 'ए' भारांकनाचे आहेत. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो, म्हणून मीटर ते सूर मुद्दाम कमी धरतो. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला सुमारे ३० वजा. मिरवणुकीत डीजेचा ठोका खिडकीच्या काचा थरथरवतो, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत घुसतो, आणि मीटरवरचा आकडा त्या मानाने लहान दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे. मला याचा मनापासून त्रास होतो. लोक म्हणतात मीटर खोटं बोलतं. मीटर खोटं बोलत नाही, पण ते कानाच्या वतीने बोलतं, छातीच्या वतीने नाही.

म्हणून तुमच्या सागाजवळ मीटर ठेवून '९० डेसिबल नोंदले' असं कोणी म्हणालं, तर तिथे कोणीच नव्हतं असं मी म्हणू देणार नाही. कोणीतरी आकड्यात बसलेलं होतं.

संत्रा_बाजार

डेसिबलभाऊ, भारांकन बंद करून नुसता पास्कलमध्ये दाब मोजला तर?

डेसिबल_धंतोली

तर कान बाहेर गेला. उरला दाबाचा चढउतार. त्याला आवाज म्हणायचं का, हाच तर धागा आहे.

तर्क_अजनी

राजेहो, हा वाद आपल्याकडे शेकडो वर्षं झाला आहे, आणि फार बारकाईने झाला आहे. बर्कलेच्या आधीपासून. थोडं सविस्तर लिहितो.

न्यायदर्शनाची ओळख करून देणाऱ्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात शब्दाचं लक्षण आहे: श्रोत्रग्राह्यो गुणः शब्दः। कानाने घेता येईल असा गुण. (इथे 'शब्द' म्हणजे ढोलाचा दणकाही आणि अक्षरही, दोन्ही.) वरवर पाहिलं तर कान लक्षणातच आला, म्हणजे ताईंची बाजू. पण मागितली आहे ती योग्यता. प्रत्यक्ष कोणी ऐकलाच पाहिजे, अशी अट नाही.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. दीपिका या त्याच्याच टीकेत शब्दाचे तीन प्रकार सांगितलेत. एक संयोगातून होणारा: भेरीवर दांडा पडला. दुसरा विभागातून होणारा: बांबू फाडताना दोन फाकी सुटतात तेव्हाचा चटचट आवाज. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या कोणाला हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही. आणि तिसरा शब्दातून होणारा शब्द. नैयायिकांच्या मते भेरीवरचा पहिला शब्द कानापर्यंत प्रवास करत नाही. तो आपल्या शेजारी दुसरा शब्द निर्माण करतो आणि संपतो, दुसरा तिसऱ्याला जन्म देतो, अशी मालिका कानापर्यंत येते. ती पाण्यावरच्या लाटेसारखी एकच होऊन चहूकडे पसरत जाते की कदंबाच्या फुलासारखी प्रत्येक दिशेला वेगळी फुटते, यावर त्यांच्यात दोन मतं आहेत.

आता या मालिकेचा अर्थ पाहा. तुमच्या कानात जो शब्द उमटला तो मालिकेतला शेवटचा. भेरीपासून कानाच्या दारापर्यंतचे मधले सगळे शब्द कोणी ऐकले? कोणीच नाही. ते जन्मले, पुढच्याला जन्म दिला, संपले. ते 'नव्हतेच' म्हटलं तर शेवटचा शब्द आला कुठून? म्हणजे भर मैफलीत, हजार माणसं बसलेली असताना, मालिकेतले बहुतेक शब्द न ऐकलेलेच असतात. न ऐकलेला शब्द हा जंगलातला अपवाद नाही. ऐकलेला शब्द हा अपवाद आहे.

माझ्यासाठी प्रश्न इथे सुटतो. सागाच्या बाबतीत फरक इतकाच की मालिका कुठल्या कानात संपली नाही, हवेत विरली.

सागवान

तर्कभाऊ, हा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला. मी पायरी विचारली होती, तुम्ही पायऱ्यांची अख्खी रांग दाखवलीत. वेदाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं काय मत?

तर्क_अजनी

ते आणखी टोकाला जातात: वर्ण, म्हणजे अक्षराचा ध्वनी, नित्य आहे, उच्चाराने तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. अंधारात घडा असतोच, दिवा त्याला दाखवतो, तसं. नैयायिक विचारतात, मग तो सतत ऐकू का येत नाही? पण मीमांसकांना काळजी वेदाच्या अक्षरांची आहे, पडणाऱ्या सागाची नाही. इथे त्यांना फार ओढू नये.

इतवारी_कट्टा

सगळा व्याख्येचा घोळ आहे. लाटेला आवाज म्हणा, उत्तर हो. जाणिवेला म्हणा, उत्तर नाही. धागा बंद करा.

डेसिबल_धंतोली

भाऊ, एवढ्यावर सुटत असतं तर माझं काम सोपं झालं असतं. कुठल्या मोजमापाला 'आवाज' म्हणायचं यावर उद्या एखाद्या म्हाताऱ्याची झोप ठरते. व्याख्या निवडायला कारणं लागतात, तीच इथे चालली आहेत.

रात्रीचं_आकाश

कानांच्या आधीचा काळ कोणी काढलाच नाही, म्हणून लिहिते.

मंगळावर वारा अब्जावधी वर्षं वाहतोय. तिथे ऐकणारा कोणी असल्याचं आपल्याला माहीत नाही. २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हर मायक्रोफोन घेऊन उतरला आणि त्या वाऱ्याचा आवाज आपण ऐकला. त्या मोजमापांतून एक गोष्ट कळली जी पृथ्वीच्या सवयीतून सहज सुचत नाही: तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण २४० मीटर आहे, आणि उंच सूर खालच्या सुरांपेक्षा सेकंदाला सुमारे १० मीटरने जास्त वेगाने जातात. आपल्याकडे नागपुरात ४५ अंशांच्या दुपारी वेग ३५८ मीटरच्या आसपास असतो, पण सगळ्या सुरांचा सारखाच. दोन ग्रहांवर आवाजाचे नियम वेगळे निघतात आणि ते तिथल्या हवेवर अवलंबून आहेत, ऐकणाऱ्यावर नाहीत. मायक्रोफोन जाण्याआधी मंगळावर आवाज नव्हता, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

अजून मागे जाते. विश्वाची पहिली सुमारे ३,८०,००० वर्षं तप्त प्लाझ्माची होती. त्यात दाबाच्या लाटा धावत होत्या, शब्दशः ध्वनिलहरी. प्लाझ्मा निवला तेव्हा त्या जिथे होत्या तिथे थिजल्या. आज दीर्घिका एकमेकींपासून साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर थोड्या जास्त संख्येने सापडतात. ही त्या लाटांची खूण आहे आणि २००५ मध्ये ती दीर्घिकांच्या सर्वेक्षणांत दिसली. तेव्हा कान सोडा, अणूसुद्धा धड बनले नव्हते. तरी तो ध्वनी दीर्घिकांच्या मांडणीत शिल्लक आहे.

आणि जवळचं उदाहरण हवं तर जूनमध्ये नागपुरात फुटाळा तलावावर उभं राहा. वर्धेच्या बाजूला वीज लखलखते आणि गडगडाट येतच नाही. वरची हवा थंड असल्याने आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून जातो. तिकडच्या गावातलं माणूस दचकलेलं असतं. आपण ऐकलं नाही एवढंच.

श्रवणा

लाट होती, याबद्दल माझं कधीच दुमत नव्हतं. पण तुमच्याच लिहिण्यात एक गोष्ट आहे जी मला फार आवडली. कान आले ते आवाज आधीपासून होता म्हणून. कीटकांत तर ऐकण्याचे अवयव अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेत: नाकतोड्याच्या पोटावर, रातकिड्याच्या पुढच्या पायावर. हवेत ऐकण्यासारखं काही नसतं तर हे पुन्हा पुन्हा घडलं नसतं.

आणि एक भर. कान फक्त घेत नाही, देतोही. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवलं की निरोगी कानातून अतिशय क्षीण आवाज बाहेर येतो. नवजात बाळाची तपासणी आज यावरूनही होते: झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं उपकरण बसवायचं, टिकटिक द्यायची आणि कानाने परत पाठवलेला आवाज मायक्रोफोनने टिपायचा. बाळ झोपेत असतं, मला तो आवाज ऐकू येत नाही, पडद्यावर रेघ उमटते. कोणीही न ऐकलेल्या आवाजावर मी आईला सांगते, बाळाचा कान चांगला आहे. सूर जाणिवेत राहतो हे माझं मत मी ठेवते. पण त्या रेघेला 'आवाज नाही' म्हणणं मला जमणार नाही.

महाल_तबला

इथे रमण साहेबांचं नाव निघायला पाहिजे. १९१० च्या सुमारास ते सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत नागपुरात होते. गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. नोबेल १९३० ला प्रकाशावरच्या कामासाठी मिळालं, पण वाद्यांवरचं त्यांचं काम मला जास्त जवळचं. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी 'नेचर'मध्ये तबला-मृदंगाबद्दल लिहिलं.

साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप दिली तर वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून नुसत्या ढोलाला ठोका असतो, सूर नसतो. तबल्याच्या शाईमुळे (चामड्यावरच्या काळ्या लेपामुळे) ते सरकून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात. ही पटी चामड्यात आहे. मी खोलीबाहेर गेलो आणि वरून एखादी वस्तू तबल्यावर पडली, तरी दुप्पट-तिप्पटच निघेल.

पण शाई तिथे लावली कोणी? थर चढवत, घोटत, कानाने ऐकत कारागिरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या बसवली. मोजणारं यंत्र फार नंतर आलं. म्हणून सागाचा आवाज कानाशिवायचा हे मी मान्य करतो. तबल्याचा नाही करत. रिकाम्या खोलीत वाजला तरी त्यात कान घोटलेला आहे.

पायाखालचा_ढोल

मी लहानपणापासून ऐकू शकत नाही. हा धागा सकाळपासून वाचते आहे. सगळ्यांनी 'ऐकणारा कोणी नाही' लिहिलं, पण ऐकणारा म्हणजे कान असलेला, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं.

तान्ह्या पोळ्याला मारबत (पुतळ्याची मिरवणूक) निघते तेव्हा मी इतवारीत जाते. ढोल, संदल, गर्दीची आरोळी. मला ते तळपायातून, पोटातून, छातीच्या फासळ्यांतून येतं. ढोल गल्लीत वळला की भिंतीला टेकलेल्या पाठीला आधी कळतं. शेजारची माणसं कान झाकतात आणि मी पुढे सरकते. ठोका कधी दुप्पट झाला, कुठला ढोल मागे पडला, हे मी सांगू शकते. इव्हलिन ग्लेनी ही बहिरी वादक व्यासपीठावर अनवाणी वाजवते, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं.

तर्कदादा, तुमच्या लक्षणात मी कुठे बसते? श्रोत्रग्राह्य म्हटलंत, माझं श्रोत्र ग्रहण करत नाही.

तर्क_अजनी

ताई, प्रामाणिक उत्तर देतो. नैयायिक म्हणेल की तुम्हाला मिळतो तो स्पर्श, त्वचेचा विषय, शब्द नव्हे. त्यांच्या मते एका इंद्रियाचा खास विषय दुसऱ्याला मिळत नाही. पण आज आपल्याला माहीत आहे की तुमच्या फासळ्यांवर आणि शेजारच्याच्या पडद्यावर आदळते ती एकच लाट. मला इथे लाटेची बाजू घ्यावीशी वाटते. लक्षण दुरुस्त व्हायला हवं, तुम्ही नाही.

श्रवणा

ताई, त्वचा कंपनाला सर्वांत तल्लख असते ती २५० हर्ट्झच्या आसपास. १००० च्या वर तिला फारसं मिळत नाही. म्हणजे ढोलाचा मुख्य भाग तुम्हाला पुरता मिळतो. डेसिबलभाऊंचं मीटर जे वजा करतं, त्यातलं बरंचसं तुमच्याकडे आहे.

डेसिबल_धंतोली

अगदी खरं. मिरवणुकीतल्या त्रासाबद्दल मला ताईंसारख्या साक्षीदाराचं म्हणणं हवं आहे. कृपया व्यक्तिगत निरोप पाहा.

पायाखालचा_ढोल

पाहते. महालदादा, एक विचारू? तबला मला हाताने ओळखता येईल का? ढोल येतो. तबला कधी जवळून मिळाला नाही.

महाल_तबला

येईल, काही बोल नक्की येतील. डग्ग्याच्या भांड्याला तळवा लावा. 'गे' लांबतो, मनगट दाबलं की चढतो; 'क' जागच्या जागी मिटतो. हे तुम्हाला पहिल्याच बैठकीत कळेल. दायाचं कठीण आहे. काळी एकचा षड्ज २७७ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे त्वचेच्या आवाक्यात, पण 'ना'ची चमक वरच्या सुरांत असते आणि श्रवणाताई म्हणतात तसं ते हाताला मिळणार नाहीत. 'तीं' आणि 'ना' कदाचित टिकण्याच्या लांबीवरून ओळखाल. चामड्याला हात लावायचा नाही, आवाज मरतो; खोडाला लावायचा. रविवारी सकाळी आमचा रियाज असतो, घरच्या कोणाला घेऊन या. मी बोल न सांगता वाजवीन, ओळखायचे तुम्ही.